इंजिन ऑइलचे आकडे: ग्रेड आणि बेस ऑइलच्या मिश्रणाचा इतिहास

इंजिन ऑइलच्या डब्यावर छापलेला '२०डब्ल्यू-४०' किंवा '५डब्ल्यू-३०' हा आकडा तेल कशाचे बनवले आहे हे सांगत नाही. ठरावीक थंडीत आणि ठरावीक उष्णतेत ते किती दाट राहील, एवढेच तो सांगतो. तो आकडा म्हणजे एक चौकट असते. त्या चौकटीत बसणारे तेल एकाच बेस ऑइलपासून (म्हणजे वंगणाच्या मूळ तेलापासून) करायचे, दोन-तीन मिसळून करायचे, की पातळ तेलात पॉलिमर विरघळवून करायचे, हे मिश्रण करणाऱ्याच्या हातात असते. गेल्या शंभर वर्षांत ही चौकट अनेकदा बदलली. हाती येणारी बेस ऑइल बदलली, आणि जुन्या मोजमापातून निसटणारे मिश्रण तयार होऊ लागले, की मापे नव्याने बांधावी लागली. म्हणून ग्रेडचा इतिहास बेस ऑइलच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

खनिज तेलाच्या आधी यंत्रांना चरबी, व्हेलचे तेल, एरंडेल, रेपसीडचे तेल घालत. वाफेच्या इंजिनात या स्निग्ध पदार्थांचा एक मोठा दोष उघड झाला. दाबाखालच्या गरम वाफेत त्यांचे विघटन होऊन आम्ले तयार होत आणि ती सिलिंडरचा धातू खात. १८५९ साली पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे ड्रेक याच्या विहिरीला तेल लागले, तेव्हा सगळ्यांचे लक्ष दिव्याच्या रॉकेलकडे होते. जड अवशेषाला किंमत नव्हती. १८६६ साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे हायरम एव्हरेस्ट आणि मॅथ्यू युइंग यांनी व्हॅक्यूम ऑइल कंपनी काढली. निर्वातात ऊर्ध्वपातन केल्यास तेल कमी तापमानाला उकळते, त्यामुळे जड भाग करपत नाही आणि वंगणासाठी उत्तम राहतो. हेतू रॉकेलचे उत्पादन वाढवण्याचा होता, पण टिकाऊ मोल ठरले ते वंगणाचे. त्याच वर्षी जॉन एलिस यांनी सुरू केलेल्या व्यवसायातून व्हॅल्व्होलिन हे नाव पुढे आले. वाफेच्या इंजिनाच्या झडपा आणि सिलिंडर हेच त्या तेलाचे गिऱ्हाईक होते.

या काळात तेलांना नावे पडली ती कामावरून. सूतगिरणीच्या चात्यांसाठी पातळ 'स्पिंडल ऑइल', कारखान्यातल्या सर्वसाधारण यंत्रांसाठी मध्यम 'मशीन ऑइल' आणि वाफेच्या सिलिंडरसाठी काळपट, दाट अवशेष, म्हणजे 'सिलिंडर स्टॉक'. हा अवशेष स्वच्छ करून, गाळून मिळणाऱ्या तेलाला 'ब्राइट स्टॉक' म्हणू लागले. आजही मिश्रण कारखान्यांत स्पिंडल ऑइल आणि ब्राइट स्टॉक ही नावे रोज उच्चारली जातात.

मोटारगाडी आली तेव्हा विक्रेत्यांनी हीच तेले 'हलके', 'मध्यम', 'जड' अशी विकायला सुरुवात केली. व्हॅक्यूम ऑइल कंपनीच्या मोबिलऑइलवर 'ए', 'बीबी', 'ई', 'आर्क्टिक' अशी अक्षरे व नावे असत आणि कोणत्या गाडीला कोणते अक्षर हे सांगणारा तक्ता कंपनी छापत असे. एका कंपनीचे 'मध्यम' दुसरीच्या 'जड' इतके असू शकत होते. गाडीमालकाला तुलना करायला काहीच आधार नव्हता आणि इंजिन बनवणाऱ्यालाही कंपनीचे नाव न घेता कोणते तेल घालावे हे सांगता येत नव्हते.

दाटपणा मोजण्याची साधने मात्र होती. अमेरिकेत सेबोल्ट, ब्रिटनमध्ये रेडवुड आणि जर्मनीत एंगलर यांची उपकरणे एकाच तत्त्वावर चालत. ठरावीक तापमानाचे ठरावीक मापाचे तेल एका बारीक छिद्रातून गळायला किती सेकंद लागतात, हे घड्याळ लावून बघायचे. सेबोल्टच्या भांड्यात ६० घन सेंटिमीटर तेल मोजत, रेडवुडमध्ये ५०, एंगलरमध्ये २००. एंगलरचा आकडा तर पाण्याच्या तुलनेत दिला जाई. तीन देशांत एकाच तेलाला तीन वेगळे आकडे मिळत. ब्रिटिश प्रभावामुळे भारतात रेडवुड सेकंद दीर्घकाळ वापरात राहिले.

अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्स, म्हणजे एसएई, ही संस्था १९०५ साली स्थापन झाली. १९११ साली तिने मोटारीच्या तेलाची पहिली विनिर्देश-यादी काढली, पण ती विशिष्ट गुरुत्व, ज्वालाबिंदू, जळल्यावर उरणारा कार्बन अशा गुणांभोवती फिरत होती. हे गुण तेल कोणत्या भागातल्या विहिरींचे आहे ते दाखवत. बेअरिंगमध्ये ते कसे वागेल हे दाखवत नव्हते. १९२० च्या दशकात संस्थेने खरा निर्णय घेतला. वर्गवारी फक्त दाटपणावर करायची आणि वर्गाला नुसता आकडा द्यायचा. १०, २०, ३०, ४०, ५० हे आकडे तेव्हाचे. ते कोणत्याही एककात नाहीत; ४० नंबरचे तेल २० नंबरच्या दुप्पट दाट असते असा त्यांचा अर्थ नाही. ते क्रमाने लावलेले शिक्के आहेत.

चौकटीच्या सीमा मात्र सेबोल्टच्या सेकंदांत ठरल्या. त्या स्थिरावल्या तेव्हा २१० अंश फॅरनहाइटला ४५ ते ५८ सेकंद म्हणजे २० नंबर, ५८ ते ७० म्हणजे ३०, ७० ते ८५ म्हणजे ४० आणि ८५ ते ११० म्हणजे ५०. पुढे छिद्रातून गळण्याचे सेकंद जाऊन सेंटिस्टोक हे एकक आले (२० अंश सेल्सिअसला पाणी साधारण १ सेंटिस्टोक असते) आणि तापमान १०० अंश सेल्सिअस ठरले. तेव्हा जुन्या सीमा तशाच रूपांतरित केल्या गेल्या. आजच्या मानकात ३० नंबर ९.३ पासून १२.५ पर्यंत, ४० नंबर १६.३ पर्यंत आणि ५० नंबर २१.९ सेंटिस्टोकपर्यंत असतो. या विचित्र दशांशांमागे कोणताही भौतिक नियम नाही. ५८, ७०, ८५ आणि ११० सेकंद हे सेबोल्टच्या भांड्याचे गोल-गोल आकडे त्यांत लपलेले आहेत. एखाद्या उद्योगाची मापे त्याच्या पहिल्या उपकरणाला किती चिकटून राहतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

बेस ऑइलची नावेही याच सेकंदांतून आली. ऊर्ध्वपातनाने वेगळे केलेल्या आणि आम्ल-क्षार प्रक्रियेने शुद्ध केलेल्या तेलांना 'न्यूट्रल' म्हणत. १०० अंश फॅरनहाइटला सुमारे १५० सेकंद लागले तर '१५० न्यूट्रल', ५०० लागले तर '५०० न्यूट्रल'. ब्राइट स्टॉक इतके दाट की त्याचा आकडा २१० अंशांना घेत. म्हणून '१५० ब्राइट स्टॉक' हे '१५० न्यूट्रल'पेक्षा कितीतरी जाड तेल असते. आकडा तोच, तापमान वेगळे. नवख्या माणसाची इथे हमखास फसगत होते.

मिश्रणाचे गणित इथूनच सुरू होते. रिफायनरीत बेस ऑइलचे चार-पाचच प्रकार निघतात. बाजाराला ग्रेड मात्र अनेक हवे असतात. १०० अंशांना १५० न्यूट्रल साधारण ५ सेंटिस्टोक, ५०० न्यूट्रल ११ च्या आसपास आणि ब्राइट स्टॉक ३१ च्या आसपास असते. ५०० न्यूट्रल एकट्यानेच ३० नंबरच्या चौकटीत बसते. त्याचे तीन भाग आणि ब्राइट स्टॉकचा एक भाग घेतला तर सुमारे १४ सेंटिस्टोक, म्हणजे ४० नंबर. ब्राइट स्टॉक आणखी वाढवले की ५०.

परंतु दोन तेलांच्या मिश्रणाचा दाटपणा सरासरीने येत नाही. ५ सेंटिस्टोकचे तेल आणि ३१ सेंटिस्टोकचे ब्राइट स्टॉक समान वजनाने मिसळले तर सरासरी १८ होते. प्रत्यक्ष मिश्रण ११ च्या जवळपास भरते. पातळ तेलाचा प्रभाव नेहमी त्याच्या वाट्यापेक्षा जास्त पडतो. अमेरिकेत मॅककूल आणि जर्मनीत वाल्थर यांनी दाटपणाच्या लॉगॅरिदमचा पुन्हा लॉगॅरिदम घेऊन तापमानाचा आलेख सरळ रेषेत आणला. त्याच धर्तीवर मिश्रणाचे तक्ते तयार झाले. कागदावर दोन बिंदू जोडून पट्टी लावायची आणि हव्या त्या ग्रेडला किती टक्के कोणते तेल लागेल ते वाचायचे, अशी पद्धत संगणक येईपर्यंत सर्वत्र चालत होती.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट दिसते. ११ सेंटिस्टोकचे तेल दोन मार्गांनी मिळाले: एकदा निव्वळ ५०० न्यूट्रल घेऊन आणि एकदा हलके व अतिजड मिसळून. ग्रेडच्या दृष्टीने दोन्ही ३० नंबर. इंजिनात मात्र दुसऱ्यातील हलका भाग उष्णतेने उडून जातो, तेल कमी होते आणि उरलेले दाट होत जाते. जर्मनीतील नोआक यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी हेच तपासते. तेल २५० अंश सेल्सिअसला एक तास ठेवायचे आणि किती टक्के उडाले ते तोलायचे. गाड्यांच्या तेलासाठी आज ही मर्यादा बहुधा १५ टक्के किंवा त्याहून कमी असते. ग्रेडच्या आकड्यात ती दिसत नाही.

दाटपणा एकाच तापमानाला मोजण्याचा दुसरा तोटा १९२० च्या दशकातच जाणवू लागला होता. पेनसिल्व्हेनियाच्या पॅराफिनयुक्त कच्च्या तेलापासून केलेले वंगण थंडीत फारसे घट्ट होत नसे आणि उष्णतेत फारसे पातळ होत नसे. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरचे नॅफ्थेनिक तेल उलट वागे. दोन्हींवर एकच नंबर लिहिलेला असे. १९२९ साली डीन आणि डेव्हिस यांनी हा फरक एका आकड्यात मांडला, तोच व्हिस्कॉसिटी इंडेक्स. पेनसिल्व्हेनियाच्या तेलाला १०० आणि आखाती किनाऱ्याच्या तेलाला ० देऊन बाकी सगळी तेले मध्ये बसवली. त्या काळी शंभराच्या वर जाणारे तेल कल्पनेतही नव्हते. पुढे तशी तेलेही आली आणि सूत्र वाढवावे लागले.

चांगल्या इंडेक्सच्या तेलावरची पेनसिल्व्हेनियाची मक्तेदारी द्रावक-शुद्धीकरणाने मोडली. रुमानियाचे रसायनशास्त्रज्ञ एडेलेआनू यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात द्रवरूप सल्फर डायऑक्साइडने तेलातील ॲरोमॅटिक घटक वेगळे करण्याची रीत काढली. १९३० च्या दशकात वंगणासाठी फरफ्युरल आणि फिनॉल ही द्रावके आली, डांबर काढायला द्रवरूप प्रोपेन आणि मेण काढायला किटोन. दाटपणा झपाट्याने बदलणारे घटक धुऊन निघाल्यामुळे सुमार कच्च्या तेलातूनही ९५ च्या आसपास इंडेक्सचे बेस ऑइल मिळू लागले. पुढे पश्चिम आशियाच्या तेलावर वंगणाचा सगळा उद्योग उभा राहू शकला तो यामुळे.

हिवाळ्याचा प्रश्न तरीही शिल्लक होता. ९५ इंडेक्सचे ४० नंबर तेल १०० अंशांना १४-१५ सेंटिस्टोक असले तरी ४० अंशांना दीडशेच्या घरात जाते आणि गोठणबिंदूच्या खाली इंजिन फिरवणेच कठीण होते. शिवाय तेलात उरलेल्या मेणाचे स्फटिक जाळे विणून ते थिजवतात. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मेणाच्या स्फटिकांची वाढ रोखणारी रसायने मिळाली आणि १९३३ साली एसएईने १०डब्ल्यू आणि २०डब्ल्यू हे तात्पुरते हिवाळी वर्ग आणले. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्यांची सीमा ० अंश फॅरनहाइटला ठरवली होती, पण तिथे प्रत्यक्ष मोजणे अवघड. म्हणून १०० आणि २१० अंशांच्या मोजमापांतून तक्त्यावर रेषा ओढून ती थंडीपर्यंत वाढवत.

हा मार्ग साध्या खनिज तेलासाठी बरोबर होता. त्याच दशकात आलेल्या एका नव्या पदार्थाने तो चुकीचा ठरवला. लांब साखळीचे पॉलिमर, आधी पॉलिआयसोब्युटिलिन आणि मग पॉलिमेथाक्रिलेट, पातळ तेलात थोड्या प्रमाणात विरघळवले तर गरम तेलाचा दाटपणा बराच वाढतो, थंड तेलाचा त्या मानाने कमी. मेथाक्रिलेटच्या बाबतीत कारण असे की थंडीत साखळी आकसून गुंडाळलेली राहते आणि उष्णतेत पसरून तेलाच्या वाहण्याला अडथळा करते. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या हायड्रॉलिक तेलांत हे पॉलिमर वापरले गेले. युद्धानंतर ते मोटारीत आले.

आता मिश्रणाचा विचारच उलटा झाला. पूर्वी १०० अंशांचा आकडा गाठायला दाट बेस ऑइल घालावे लागे. आता थंडीच्या अटीत बसेल एवढे पातळ बेस ऑइल आधी निवडायचे आणि गरम बाजूची उणीव पॉलिमरने भरायची. १०डब्ल्यूसाठी घेतलेले हलके तेल अशा रीतीने ३० नंबरपर्यंत उचलले जाई. दोन वर्गांच्या अटी एकच तेल पुरी करू लागले आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला १०डब्ल्यू-३० ही मल्टिग्रेड तेले बाजारात आली. जोडआकड्याचा पहिला भाग प्रामुख्याने बेस ऑइलवर ठरतो आणि दुसऱ्या भागात पॉलिमरचा मोठा हात असतो. ग्रेड आणि मिश्रण यांचे नाते एका वाक्यात सांगायचे तर ते हे.

पॉलिमरची किंमतही मोजावी लागली. ब्रिटनमध्ये १९५९ साली आलेल्या मिनी गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलावर चालत. गिअरच्या दातांमध्ये पॉलिमरच्या साखळ्या तुटत आणि तेल आपल्या ग्रेडखाली घसरे. २०डब्ल्यू-५० हा ग्रेड १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये लोकप्रिय झाला, त्यात या गाडीचा वाटा मोठा होता. जड बेस ऑइलवर उभे असलेले तेल साखळ्या तुटल्या तरी पुरेसे दाट राहत असे.

मापनाची चूकही उघड झाली. पॉलिमर असलेले तेल तक्त्यावरच्या सरळ रेषेने थंडीत जात नाही, त्यामुळे रेषा वाढवून काढलेला आकडा फसवा निघे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस थंड इंजिन फिरण्याची नक्कल करणारे कोल्ड क्रँकिंग सिम्युलेटर मानकात आले. पण फिरणे आणि पंपाने तेल ओढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे १९८०-८१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात स्यू फॉल्स येथे दिसले. विशिष्ट वेगाने हळूहळू थंड झालेली काही तेले तळाशी जेलीसारखी थिजली. इंजिने सुरू झाली, पण पंपापर्यंत तेल पोहोचलेच नाही आणि ती निकामी झाली. चाचणीत ही तेले उत्तीर्ण होती. मंद गतीने थंड करून तेल ओढले जाते का हे पाहणारी चाचणी त्यानंतर सुधारून कडक केली गेली. आज ५डब्ल्यू तेलाला उणे ३० अंशांना क्रँकिंगची आणि उणे ३५ अंशांना पंपिंगची, अशा दोन अटी पाळाव्या लागतात.

गरम बाजूलाही अशीच पळवाट होती. बेअरिंगच्या अतिशय अरुंद फटीत तेल प्रचंड वेगाने घासले जाते तेव्हा पॉलिमरच्या साखळ्या प्रवाहाच्या दिशेने आडव्या होतात आणि दाटपणा तेवढ्यापुरता घसरतो. संथ गळणाऱ्या नळीत ३० दिसणारे तेल तिथे २० सारखे वागते. म्हणून १५० अंश सेल्सिअसला, अतिवेगाच्या घर्षणाखाली मोजलेला किमान दाटपणा १९९० च्या दशकात मानकात घातला गेला. ३० नंबरसाठी तो २.९ मिलिपास्कल-सेकंद आहे. पॉलिमरवर किती विसंबायचे याला यामुळे लगाम बसला आणि बेस ऑइलचे वजन पुन्हा वाढले.

भारतात या घडामोडी उशिरा आणि वेगळ्या क्रमाने आल्या. मुंबईत तुर्भे-माहुल भागात १९५० च्या दशकात स्टँडर्ड व्हॅक्यूम आणि बर्मा-शेल यांच्या रिफायनऱ्या उभ्या राहिल्या, पण वंगणाचे बेस ऑइल आयात करावे लागे. एस्सो आणि भारत सरकार यांच्या भागीदारीतील ल्यूब इंडिया या कंपनीने मुंबईत द्रावक-पद्धतीचे बेस ऑइल काढायला सुरुवात केली. १९७४ साली एस्सो आणि ल्यूब इंडिया यांच्या विलीनीकरणातून हिंदुस्तान पेट्रोलियम अस्तित्वात आली. इंडियन ऑइलचा 'सर्वो' हा वंगणाचा ब्रँड १९७२ चा. या कारखान्यांची तेले म्हणजे न्यूट्रल आणि ब्राइट स्टॉक. त्यांच्यापासून ४० नंबरचे एकेरी तेल करणे सर्वांत स्वस्त आणि सोपे होते, आणि ट्रकवाल्यांच्या तोंडी 'चाळीस नंबर' हाच शब्द दीर्घकाळ राहिला. महाराष्ट्राच्या हवामानात त्याने काम भागत असे. मोटारसायकलींचे २०डब्ल्यू-४० आणि डिझेलचे १५डब्ल्यू-४० ही पुढची पायरी. २०डब्ल्यूची क्रँकिंग चाचणी उणे १५ अंशांना होते, म्हणजे महाराष्ट्रातल्या कोणत्याही थंडीला ते पुरून उरते. या ग्रेडमागे हवामान होते तसेच इथल्या रिफायनरीत काय निघत होते हेही होते.

द्रावकाने धुतलेले तेल ५डब्ल्यूच्या खाली नेणे जवळपास अशक्य असते. पुरेसे पातळ घेतले तर ते उडते, उडू नये म्हणून दाट घेतले तर थंडीत अडते. ही कोंडी दोन दिशांनी फुटली. एक, रेणू जोडून घडवलेले पॉलिअल्फाओलेफिन, ज्यात मेणच नसते. १९७० च्या दशकात मोबिल १ ने ते सामान्य मोटारींपर्यंत नेले. दुसरी, हायड्रोजनच्या दाबाखाली तेलाचे रेणू मोडून पुन्हा घडवणे. कॅलिफोर्नियात रिचमंड येथे शेव्हरॉनने १९८४ साली असे हायड्रोक्रॅकिंग बेस ऑइल सुरू केले आणि १९९३ साली मेण काढून टाकण्याऐवजी त्याची रचना बदलून तेलच करणारी पद्धत वापरात आणली.

बेस ऑइल इतके वेगवेगळे झाल्यावर त्यांचेही वर्ग करावे लागले. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने पाच गट केले. ९० टक्क्यांहून कमी संपृक्त घटक किंवा ०.०३ टक्क्यांहून अधिक गंधक, आणि इंडेक्स ८० ते १२०, तो पहिला गट, त्याहून शुद्ध पण इंडेक्स तेवढाच तो दुसरा, शुद्ध आणि इंडेक्स १२० किंवा अधिक तो तिसरा, पॉलिअल्फाओलेफिन चौथा, उरलेले सगळे पाचवा. २०११ पासून कतारमधील पर्ल प्रकल्पात नैसर्गिक वायूपासूनही तिसऱ्या गटाचे तेल निघते. एखाद्या ग्रेडमध्ये एका बेस ऑइलच्या जागी दुसरे घालायचे तर कोणत्या चाचण्या पुन्हा कराव्या लागतील, याचे नियमही या गटांवर बांधलेले आहेत. दोन तेले मिसळून हवे ते सेंटिस्टोक मिळाले तरी थंडीतले वागणे, उडणे आणि ऑक्सिडेशन सारखेच राहील याची खात्री त्यातून मिळत नाही.

इंधन वाचवण्याच्या दबावाने ग्रेडची शिडी शेवटी खालच्या बाजूला वाढली. २०१३ साली १६ आणि २०१५ साली १२ व ८ हे वर्ग मानकात आले. जपानी मोटारउद्योग त्यांत आघाडीवर होता. या वर्गांना १५ किंवा १० असे आकडे दिले असते तर १५डब्ल्यू, १०डब्ल्यू यांच्याशी गोंधळ झाला असता. खाली जागा नीट आखता यावी म्हणून २० नंबरची तळसीमा ५.६ वरून ६.९ सेंटिस्टोकवर उचलली गेली, आणि सेबोल्टच्या ४५ सेकंदांचा वारसा त्या वर्गापुरता संपला. १५डब्ल्यू आणि २०डब्ल्यूच्या १०० अंशांच्या किमान अटीत तो ५.६ अजून आहे. ८ नंबरचे तेल १०० अंशांना ४ ते ६.१ सेंटिस्टोक असते, म्हणजे जुन्या १५० न्यूट्रलइतकेच पातळ. त्याला ब्राइट स्टॉक लागत नाही, पॉलिमर फारच थोडा लागतो. ते तेल न उडता टिकण्यासाठी तिसऱ्या-चौथ्या गटाचे बेस ऑइलच लागते. अशा अतिपातळ तेलांसाठी जपानमध्ये २०१९ साली वेगळे मानक आले.